राजभा

अकरा मंगळवार इंगाबाई गप्प होत्या.
मी वहीत लिहीत गेलो: काही नाही. काही नाही.
एकदा: हवा खराब.
एकदा, पेन्सिलीनं, हलकंच: बाई गेल्या असाव्यात.

कर्कवॉलच्या इंगा मारविक. चेहरा कधी पाहिला नाही,
पण त्यांचा 'डा' जरासा लांबतो,
दारातून निघता निघता माणूस थांबतं तसा.

मी अँटेना उतरवली, पुन्हा चढवली.
तीन केबली बदलल्या.
दोष शोधायला माणूस किती लांब जातो
स्वतःच्या डोक्यापासून.

मग डेस्मंड थर्टल आला, चिखलाच्या बुटांनी थेट शेडमध्ये.
लोस्टॉफ्टच्या बंदरात चाळीस वर्षं बोटींचे रेडिओ सांधलेला माणूस.
बोलतो कमी, त्यातलं मला अर्धंच पोचतं.
हेडफोन कानाला लावून तो म्हणाला,
मी ओठांवरून वाचलं:
"बाजार भरलाय की इथं."

इस्पितळातल्या पोरीनं दिलेला कानाचा आलेख
मी खिळ्याला टांगून ठेवलाय.
रेघ देशावरून निवांत चालत येते
आणि एकाएकी कोकणात कोसळते.
थर्टलनं कड्याच्या अलीकडे बोट टेकवलं:
"इथवर जमीन आहे. इथंच उभा राहा."

आणि बटण फिरवलं. सातशे. सहाशे.
साडेचारशे.
पेटीवर सांगायचं तर
वरच्या पांढरी चारवरून
मधल्या पांढरी सहाच्या आसपास.
माडीवरचं कुणी जिना उतरून
ओसरीवर येऊन बसावं, तसा सूर आला.

श्रवणयंत्र काढ, म्हणाला.
त्या शहाण्याला वाटतं, एकच सूर धरून बसलेला आवाज
म्हणजे आपलीच शिट्टी.
गिळून टाकतं.

फिल्टर फार आवळला तर अक्षरं विहिरीत पडतात,
ठिपक्याला ठिपका चिकटतो, शिजून गेलेल्या शेवया.
जरा सैल सोडला.
उरला माझा आतला रातकिडा.
त्याला कुठलंच बटण नाही.
त्याच्या शेजारी बसायचं नाही, इतकंच.

मंगळवारी सात वाजता मी हाक घातली.
उजवं बोट स्पीकरच्या कागदावर टेकवून ठेवलं,
कान चुकला तर कातडी सांगेल.

आठल्ये मास्तर बाकावर शिकवायचे
यमाताराजभानसलगं:
लघूला टिचकी, गुरूला थाप.
पुढे जहाजावरच्या नोकरीसाठी मोर्स शिकलो
तर निम्मं बोटांना आधीच येत होतं.
तेच आता बोटाखाली,
टिचकी, थाप, थाप,
माझं नाव. पुन्हा माझं नाव.
मग प्रश्नचिन्ह.

मी पाठवलं: कान गेले. हळू.

बराच वेळ नुसता समुद्र.
मग हळू, इतकं हळू
की प्रत्येक अक्षर वेगळ्या बशीत वाढलेलं:
माझेही. तीन वर्षं झाली. मी चारशेवर ऐकते.

आणि थोड्या वेळानं:
दर मंगळवारी तुमची हाक ऐकली.
दर मंगळवारी उत्तर दिलं.
वाटलं, माझं काही चुकलं.

पेन्सिलीची ओळ मी बोटानंच पुसली,
कागद काळा झाला.
थर्टल खिडकीतून बाहेर बघत होता,
बाहेर काही नव्हतं, शेजाऱ्याचं कुंपण.

काय पाठवावं सुचेना.
जभान पाठवलं, लघु गुरु लघु: मिळालं.
आणि मग, जरा लांबवून, त्यांच्यासारखंच,
गुरु लघु गुरु.

राजभा.
बोला.